वानखडे काकूंचं पहिलं वर्ष

वानखडे काकूंना कुठलंही संकट सांगा, त्या शांतपणे मान डोलावतात आणि म्हणतात, "थे झालं माह्यं."

म्हणजे, ते माझं होऊन गेलं. वर्गातली एखादी मुलगी शेजारणीच्या पुस्तकात डोकावून "हा धडा आमचा झालाय" म्हणते ना, अगदी त्या सुरात. त्यात बढाई नसते. सहानुभूती तर मुळीच नसते.

आमची पहिली भेट जिन्यात झाली. माझी चंदीगडला बदली झाली होती, सेक्टर एकोणचाळीसमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत. मी शास्त्रज्ञ नाही. मी राजभाषा अधिकारी, म्हणजे शास्त्रज्ञांनी इंग्रजीत लिहिलेलं कुणालाही कळणार नाही अशा हिंदीत नेऊन ठेवणारा माणूस. चंदीगडमधली भाडी ऐकून माझी बायको मेधा मटकन खाली बसली, म्हणून आम्ही शेजारच्या झिरकपूरला भाड्यानं फ्लॅट घेतला. आमचं सामान आणणारा ट्रक अंबाल्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या शेतात आडवा झाला. ड्रायव्हर सुखरूप होता, फ्रिज नव्हता. फोनवर ही बातमी ऐकून मेधा जिन्यात बसून रडत होती आणि मी शेजारी उभा राहून खिसे चाचपत होतो. आम्ही चिपळूणची माणसं, धक्का बसला की आम्ही खिसे चाचपतो.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. पोपटी सलवार कमीज, त्यावर काळ्या मण्यांचं ठसठशीत मंगळसूत्र आणि हातात लाटणं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थे झालं माह्यं. दोनदा. एक डाव तं कपाट नदीत गेलं."

मेधानं रडणं थांबवलं. दुसरं काय करणार? बाईंनी मग तिला सल्ला दिला की सामान आलं की आधी लोणच्याची बरणी शोध, ती फुटली असेल तर कपड्यांची आशा सोड. एवढं सांगून त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं पोळ्या आणि झुणका घेऊन आल्या. आम्ही जेवत असताना समोर बसून त्यांनी नदीत गेलेल्या कपाटात काय काय होतं ते सांगितलं. त्यात वानखडे साहेबांचे लग्नातले बूट होते आणि एक जिवंत कोंबडी होती. कोंबडी कपाटात कशासाठी, हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.

वानखडे साहेब हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. दोघं मूळचे अमरावतीकडचे. मुलगा मोहालीत नोकरीला होता, त्याच्याजवळ राहायचं म्हणून झिरकपुरात फ्लॅट घेतला, आणि फ्लॅटचा ताबा मिळायच्या आत मुलाची कंपनीनं हैदराबादला बदली केली. काकूंना त्याचंही काही वाटलं नाही, निदान आम्हाला तसं दिसलं नाही. बदली तर त्यांची पाठच होती. जोरहाट, भूज, तांबरम, आदमपूर, मध्येच परत जोरहाट. प्रत्येक ठिकाणची भाषा त्यांनी थोडी थोडी उचलली होती, पण वऱ्हाडी कुठेच सोडली नव्हती. उलट त्यांचं ठाम मत असं की पंजाबी लोकांना 'जी' म्हणायला अमरावतीच्याच माणसांनी शिकवलं. "नाई तं एवढे मोठे मोठे सरदार उगाच कायले जी जी करतीन?" असं त्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. सेक्रेटरी स्वतः सरदार. त्यानं "हां जी" म्हटलं, आणि काकूंनी माझ्याकडे विजयानं पाहिलं.

मी त्यांना काकू म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. हे नातं कसं जुळवायचं हा माझा प्रश्न, त्यांना असले प्रश्न पडत नाहीत.

मेधाच्या पित्ताशयात खडे झाल्याचं कळलं तेव्हा मी फार घाबरलो होतो. काकू भेटायला आल्या, "थे झालं माह्यं" म्हणाल्या, आणि पर्समधून एक कापराची डबी काढून त्यांनी ती टीपॉयवर उघडली. आत त्यांचे स्वतःचे खडे होते, चांगले हरभऱ्याएवढे. मी बिस्कीट तोंडाशी नेलं होतं ते तसंच राहिलं. त्यांनी मेधाला एक खडा हातात घेऊन बघायला सांगितला, म्हणाल्या, एकदा शत्रू पाहून घेतला की भीती जाते. मेधानं खरंच तो हातात घेतला. बायकोबद्दल इतक्या वर्षांनी असं काही नवं कळलं की माणूस हादरतो.

आणखी एकदा लिफ्टमध्ये. एक गृहस्थ पिझ्झाचा खोका घेऊन उभे होते, मी होतो, आणि काकू. गाड्यांना उशीर होतो असं काहीतरी ते गृहस्थ म्हणाले. काकूंनी त्यांना हिंदीत सांगितलं की गाडीला उशीर झाल्यामुळे त्यांनी रेल्वेच्या डब्यात दोन बाळंतपणं पाहिली आहेत, एक स्वतःचं आणि एक समोरच्या बर्थवरचं. आणि मग तपशील. ते गृहस्थ त्यांच्या मजल्याच्या आधीच उतरले.

वानखडे साहेब मात्र कशानंच हादरत नाहीत. आयुष्यभर विमानांच्या इंजिनांजवळ काम केल्यानं त्यांचे कान गेलेत. कानातलं यंत्र आहे, पण ते त्यांना टोचतं, म्हणून ते बहुतेक वेळ डबीत असतं. काकू बोलत असतात आणि साहेब योग्य जागी मान हलवतात. त्यांची योग्य जागा बरोबर येते ती सवयीनं. आम्हाला हे जोडपं फार गमतीचं वाटायचं.

काकूंचं एकच काम व्हायचं राहिलं होतं, ते म्हणजे बीए. बारावीनंतर लग्न झालं. साहेबांचा शिक्षणाला विरोध नव्हता. अमरावतीला त्यांनी पहिल्या वर्षाला नाव घातलं, परीक्षेच्या तोंडावर बदलीचा हुकूम आला. जोरहाटला पुन्हा पहिल्या वर्षाला बसल्या, पुन्हा हुकूम. तांबरमला तर त्यांनी तमिळमधून फळा वाचायची तयारी केली होती. हुकूमच तो, तो कशाला वाट बघतोय? त्या म्हणत, "पहिल्या वर्षात माही पीएचडी झाली म्हणा." आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

हे सगळं असंच चाललं असतं, पण एका रविवारी चहाच्या वेळी मी बोलून गेलो. आमच्या संस्थेत नव्या शिक्षण धोरणावर एक भाषण झालं होतं, त्याचा अनुवाद माझ्याकडे आला होता. त्यात होतं की आता माणसानं काम करून, अनुभवातून जे शिकलं असेल ते तपासून कॉलेजं त्याला क्रेडिट देऊ शकतील. क्रेडिट म्हणजे काय, हे मी काकूंना समजावलं. अमुक इतकी क्रेडिटं जमली की पदवी. तासांना बसून मिळतात तशी काही आता अनुभवावरही मिळतील.

काकूंनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या, म्हणजे जे झालं ते मोजतात?

मी म्हटलं, हो, साधारण तसंच.

त्यानंतरचे दिवस आमच्या मजल्यावर कुणाची धडगत नव्हती. काकू दिसेल त्या गोष्टीचं मोल क्रेडिटमध्ये करू लागल्या. मेधानं माझ्या आईला तिच्या शेवटच्या आजारपणात सांभाळलं होतं, त्याची त्यांनी तिला परस्पर चार देऊन टाकली. मला त्यांनी चिपळूणच्या पुराबद्दल विचारलं. मी तेव्हा पुण्यात होतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नापास मुलाकडे पाहतात तसं पाहिलं. वानखडे साहेब घोरतात, ते इतकी वर्षं ऐकल्याची किती, असं त्यांनी साहेबांसमोर विचारलं. साहेबांनी मान हलवली.

मला वाटलं, हे चार दिवसांचं वेड आहे. पण काकूंनी चंदीगडमधलं एक कॉलेज शोधून काढलं, जिथे ही सोय नुकतीच सुरू झाली होती. तिथं त्या एकट्या जाऊन आल्या. आल्यावर मला कळलं की मी त्यांचा साक्षीदार आहे. अर्जदाराला ओळखणारी, सरकारी नोकरीतली व्यक्ती मुलाखतीला बरोबर आणावी, असं त्यांना सांगितलं होतं. कामाचा पुरावाही आणा, असं सांगितलं होतं.

मी समजलो, पुरावा म्हणजे प्रमाणपत्रं. काकूंच्या मते पुरावा म्हणजे माणसं.

मुलाखतीच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकापाशी उभा होतो. एक टेम्पो ट्रॅव्हलर आला आणि त्यातून काकूंमागोमाग माणसं उतरायला लागली. ती संपेचनात. पंचकुल्याहून आलेली एक सरदारीण होती, तिला आदमपूरच्या वसाहतीत काकूंनी शिवण शिकवलं होतं, आता तिचं कपड्यांचं दुकान आहे. एक तमिळ बाई होत्या, तांबरमच्या शेजारीण, आता सुनेकडे मोहालीत राहणाऱ्या. एक सुटाबुटातला तरुण दंतवैद्य होता. शिवाय आमचा सोसायटीचा सेक्रेटरी, तो का, ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नव्हतं. वानखडे साहेब सगळ्यात शेवटी उतरले, इस्त्रीच्या ब्लेझरमध्ये, कानात यंत्र घालून. मी खिसे चाचपायला लागलो.

मुलाखत घ्यायला तिघंजण होते. मधल्या खुर्चीवर प्राचार्या, पन्नाशीच्या, चष्म्याच्या, बोलायला मऊ. एका बाजूला समाजशास्त्राचे सरदार प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला गृहविज्ञानाच्या एक कडक बाई. एवढी माणसं आत येताना पाहून तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. प्राचार्यांनी आणखी खुर्च्या मागवल्या.

काकूंनी प्रत्येक बदलीच्या गावी काही ना काही चालवलं होतं, हे मला ऐकून माहीत होतं. वसाहतीतल्या बायकांचे शिवणवर्ग, लहान मुलांची बालवाडी, सैनिकांच्या घरच्या अडीनडी. पण ते असं उभं राहून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. दंतवैद्याची पाळी आली तेव्हा काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून समितीला हिंदीत सांगितलं की याला मी चड्डी घालायला शिकवलं, त्याआधी हा भुजच्या बालवाडीत तसाच फिरायचा. दंतवैद्य कानापर्यंत लाल झाला. त्याचे दोन पेशंट बाहेर थांबले असावेत अशा घाईनं तो म्हणाला, खरं आहे, आणि खाली बसला. सरदार प्राध्यापकांनी रुमाल तोंडाशी धरला.

तमिळ बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि मध्येच त्यांना एका प्रेशर कुकरची आठवण झाली, जो काकूंनी तांबरम सोडताना परत केला नव्हता म्हणे. काकू म्हणाल्या, केला होता. मग दोघी तमिळमध्ये भांडल्या, समितीसमोर, पूर्ण आवाजात. सरदार प्राध्यापक रुमालाआडून म्हणाले, भाषेचं क्रेडिट द्यायला हरकत नाही.

सगळंच जमलं असं नाही. बालविकासातल्या संकल्पना विचारल्या तेव्हा काकूंनी सरळ सांगितलं, माहीत नाही. आहाराबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचं प्रत्येक उत्तर साजूक तुपाशी येऊन थांबलं. हृदयविकाराच्या माणसाला काय द्याल, या प्रश्नालाही. गृहविज्ञानाच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आहारशास्त्राला नकार दिला. काकू मंडईत भाव करतात तशा अर्ध्यावर आल्या, पण बाई बधल्या नाहीत. निघताना मात्र त्याच बाईंनी काकूंना पाणी आणून दिलं.

काही आठवड्यांनी निकाल कळवायला प्राचार्यांनी बोलावलं. मी काकूंना गाडीनं घेऊन गेलो. त्यांनी नवा सूट घातला होता, फिक्या जांभळ्या रंगाचा. मेधानं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की काकूंनी बरेच सूट शिवून घेतलेत, दुपट्ट्यासकट, आणि कापड निवडायला तिला बरोबर नेलं होतं.

प्राचार्यांनी आम्हाला बसवलं, मिठाई पुढे केली. आनंद त्यांनाही झाला होता. काकू या योजनेतल्या त्यांच्या अगदी पहिल्या अर्जदारांपैकी, आणि समितीनं हात सैल सोडला होता. पहिलं वर्ष जवळपास पूर्ण माफ. त्यापुढचेही काही विषय. उरलेलं घरी बसून, संगणकावर धडे बघून करता येईल. फक्त परीक्षेला यायचं.

"आंटीजी, हुण तुसी आराम नाल घर बैठो," प्राचार्या हसून म्हणाल्या. "रोज रोज आने की कोई जरूरत ही नहीं."

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. काकूंकडे पाहिलं आणि हात तसेच राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कपाट नदीत गेल्याचं शांतपणे सांगणारी ही बाई, आणि आत्ता हिला काय झालं मला कळेना. त्यांनी बर्फीचा तुकडा घेतला होता तो हातातच धरून ठेवला. मग "थँक्यू जी" म्हणाल्या आणि उठल्या.

गाडीत त्या बोलल्या नाहीत. मी ट्रॅफिकबद्दल काहीतरी म्हटलं, बोलल्या नाहीत. विमानतळाच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या, पुढच्या ट्रकवाल्यानं रिव्हर्स घेताना आमच्या बंपरला ओरखडा काढला, मी काच खाली करून त्याला हिंदीत दोन सुसंस्कृत शब्द ऐकवले. त्यावरही काकू गप्प. वानखडे काकूंची शांतता मी कधी ऐकलेली नव्हती, त्यामुळे ती सहन कशी करायची हे मला येत नव्हतं. झटका वगैरे आला असेल का, असंही मनात येऊन गेलं.

झिरकपूरचा पूल दिसायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, गाडी वळवा."

मी म्हटलं, इथून वळता येत नाही. त्या म्हणाल्या, जिथून येतं तिथून वळवा.

प्राचार्या घरी निघायच्या तयारीत होत्या. पर्स खांद्यावर. काकू आत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, क्रेडिट कमी करून द्या.

प्राचार्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मलाही तसंच वाटलं. लोक जास्तीसाठी येतात. काकू स्वतः आहारशास्त्रासाठी अर्ध्यावर आलेल्या मी पाहिल्या होत्या. प्राचार्यांनी समजावलं की यात काही चूक झालेली नाही, फसवणूक नाही, फीसुद्धा कमी पडेल. काकू हिंदीत उत्तर द्यायला लागल्या, दोन वाक्यं बोलल्या, आणि मग त्यांची हिंदी सुटली. जे आलं ते वऱ्हाडीत आलं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. अनुवाद हा माझा पेशा.

"मले वर्गात बसाचं होतं, भाऊ," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. "सांगा बाईले. एका बाकावर एक साल मी कधी काढलंच नाई. पोरी ओळखीच्या व्हायच्या, वही मागाच्या, डब्यातलं खाच्या, अन् थेवढ्यात बदली. आता बदली नाई. आता कोणीच नाई. साहेबाले ऐकू येत नाई. मी दिवसभर भिंतीसंगं बोलतो. म्या मोजून घेतलं सारं, मले वाटलं यानं आत घेतीन. अन् हे मनते घरी बसा. घरीच तं बसून हाये मी."

मी सुरुवात केली. सवयीनं "महोदया, आवेदिका का कथन है" असं म्हणालो. तिथपर्यंत ठीक होतं. पुढचं वाक्य मी दोनदा जुळवलं आणि दोनदा मोडलं. अडलेल्या बाळंतिणीची गोष्ट लिफ्टमध्ये सांगणारी, पित्ताशयाचे खडे पर्समध्ये घेऊन फिरणारी ही बाई समोरच्या दाराआड भिंतीशी बोलते, आणि मध्ये फक्त दोन दारं आणि एक पायपुसणं. शेवटी मी शासकीय हिंदी सोडून दिली आणि साध्या शब्दांत सांगितलं की यांना शिकायचं आहेच, पण यांना कुणाच्या तरी शेजारी बसायचं आहे.

प्राचार्यांनी पर्स खांद्यावरून उतरवून टेबलावर ठेवली. मग त्यांनी सांगितलं की दिलेलं क्रेडिट परत घेण्याची पद्धत नाही, तसं कुणी मागितलंच नव्हतं. ते काकूंच्या नावावर राहील. पण ते वापरलंच पाहिजे असंही कुठे लिहिलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात जागा आहे. फक्त एक अट, हजेरी लागते.

"रोज?" काकूंनी विचारलं.

"रोज."

"पक्का?"

"पक्का जी," प्राचार्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळून चष्मा पुसू लागल्या.

जाताना काकूंनी माझ्या बंपरवरचा ओरखडा पाहिला. हा कधी झाला, म्हणून मलाच विचारलं.

वर्ग सुरू झाले त्या दिवशी मी कामावरून लवकर परतलो. मेधानं कांदेपोहे केले होते. आम्ही दोघांनी मनाची तयारी केली होती की आज काकू येतील आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बोलतील. सहाच्या सुमारास त्या आल्या. सूट आंब्याच्या रंगाचा. सोफ्यावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. पुन्हा तीच शांतता. मी मेधाकडे पाहिलं. तिनं हळूच विचारलं, काय शिकवलं?

काकूंनी आठवून पाहिलं. म्हणाल्या, शिकवलं काहीतरी, पण त्यांचं लक्ष नव्हतं. आधी हजेरी झाली. सगळ्या मुली आपापलं नाव आलं की प्रेझेंट म्हणत होत्या. मग मास्तरणीनं "शकुंतला" म्हणून हाक मारली. कुणीच बोलेना. काकूंनीही मागे वळून पाहिलं, कोण आहे म्हणून.

त्यांचं नाव शकुंतला आहे हे अर्जावर मी वाचलं असणार. पण त्या क्षणी मला ते पहिल्यांदाच कळल्यासारखं झालं. आम्हाला त्या काकू, सोसायटीला आंटी, हवाई दलात सगळीकडे मिसेस वानखडे, आणि साहेब तर त्यांना "अगं" म्हणतात.

मास्तरणीनं पुन्हा हाक मारली, "शकुंतला." काकू तेव्हाही गप्प. शेजारी मोहालीपलीकडच्या खरडहून येणारी एक मुलगी बसली होती, अठराएक वर्षांची, पिवळी बाटली बाकावर ठेवलेली. तिनं कोपरानं ढोसलं आणि कुजबुजली, आंटी, तुसी हो, म्हणजे तुम्हीच.

"मंग म्हटलं मी, प्रेझेंट," काकू म्हणाल्या. त्यांनी बाही वर केली आणि दंड मेधापुढे धरला. "अथी मारलं तिनं."

तिथं काहीच दिसत नव्हतं. मेधानं टीपॉयवरचा चष्मा उचलून लावला आणि ती जागा नीट वाकून पाहिली.